गिम्प आणि डार्कटेबल स्टुडिओत वापरताना अडतं कुठे, सोडवायचं कसं

नागपुरातल्या महाल भागातून एका तरुण फोटोग्राफरचा प्रश्न आला आहे. गिम्प हे फोटो आणि डिझाइनवर काम करायचं, तर डार्कटेबल हे कॅमेऱ्याचे रॉ फोटो सुधारायचं मुक्त सॉफ्टवेअर. प्रश्न थोडक्यात असा: "वडिलांपासून चालत आलेला स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, फ्लेक्सचं डिझाइन आणि सवड मिळाली की ताडोबा. दर महिन्याला भाडं भरायचं सॉफ्टवेअर सोडून गिम्प आणि डार्कटेबल घेतलं. पण रॉ फोटो फिके दिसतात. स्टेजवरच्या निळ्या लाइटमध्ये नवरीचा चेहरा फाटतो. फोल्डर हलवलं की केलेलं एडिटिंग गायब. फ्लेक्स बनवताना गिम्प अडकून बसतं. मॉनिटरवर पांढरं पिवळट दिसतं, लॅबमधून प्रिंट काळपट येतात, आणि मराठी अक्षरांचाही घोळ आहे. परत जुन्याकडे जावं का?"

निदान या कारणांसाठी तरी परत जाऊ नका. तुमच्या जवळपास सगळ्याच तक्रारींचं मूळ एक आहे. फोटो या घडीला कोणत्या टप्प्यावर आहे आणि त्यावरचं काम कोणत्या फाइलीत साठतं आहे, हे आपण पाहत नाही. भाड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हे बरंचसं पडद्यामागे होतं आणि आपली तशी सवय होते. गिम्प आणि डार्कटेबल मात्र सगळं उघड्यावर ठेवतात. प्रत्येक गोष्टीची फाइल असते आणि ती कुठे आहे ते पाहता येतं. एकदा ते कळलं की गडबड कुठे झाली ते तुमचं तुम्हालाच सापडायला लागतं.

फिक्या फोटोपासून सुरू करतो. रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेले कच्चे आकडे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर जे दिसतं ते रॉ नसतंच. रॉ फाइलीच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला एक जेपीईजी असतो, आणि आपल्याला दिसतो तो तोच. कंपनीने तिच्या पसंतीचा कॉन्ट्रास्ट, रंगांचा उठाव आणि शार्पनिंग त्यात आधीच घातलेलं असतं. डार्कटेबलच्या लाइटटेबलवर, म्हणजे सगळे फोटो मांडलेल्या पानावर, सुरुवातीला हाच जेपीईजी दिसतो. फोटो डार्करूममध्ये, म्हणजे एडिटिंगच्या पानावर, उघडला की सॉफ्टवेअर सेन्सरच्या मूळ आकड्यांवरून आपलं चित्र नव्याने बनवतं, म्हणून फोटो डोळ्यांदेखत उतरल्यासारखा वाटतो. माहिती काहीच गेलेली नसते, फक्त कंपनीचा साज उतरलेला असतो.

साज चढवायचा क्रम ठेवा. प्रेफरन्सेसमध्ये प्रोसेसिंगखाली वर्कफ्लोसाठी सिग्मॉइड निवडा. हे मॉड्यूल डिसेंबर २०२२ मध्ये ४.२ आवृत्तीसोबत आलं, आणि नव्याने शिकणाऱ्याला त्याच कामाच्या फिल्मिक या दुसऱ्या मॉड्यूलपेक्षा ते लवकर हाताशी येतं असं माझं मत आहे. मग फोटोवर सगळ्यात आधी एक्स्पोजर. इथे आकाशाकडे किंवा मागच्या ट्यूबलाइटकडे बघू नका, माणसाचा चेहरा जेवढा उजळ हवा तेवढा करा. फार उजळ भाग सावरायचं काम पुढे सिग्मॉइड करतो. त्यानंतर सिग्मॉइडचा कॉन्ट्रास्ट, आणि शेवटी कलर बॅलन्स आरजीबी. त्यात बेसिक कलरफुलनेसचे तयार प्रीसेट आहेत, त्यातलं स्टँडर्ड लावलं तरी फोटोत जीव येतो. एका लग्नाचा एक फोटो असा नीट झाला की त्याची स्टाइल करून ठेवा आणि त्याच उजेडातल्या बाकी फोटोंना एकदम लावा. पाचशे फोटो एकेक करून सुधारत बसायचे नसतात.

या टप्प्यावर एक घोटाळा नेहमी होतो. व्हाइट बॅलन्स नावाचं मॉड्यूल दिसलं की माणूस सवयीने त्यातच रंग सुधारायला जातो. डार्कटेबलच्या नव्या पद्धतीत ते काम कलर कॅलिब्रेशन मॉड्यूल करतं आणि व्हाइट बॅलन्सला तसंच सोडायचं असतं. दोन्हीकडे हात लावला की सुधारणा दोनदा लागते, चेहरे कधी हिरवट तर कधी गुलाबी होतात. मॉड्यूलमध्ये तसा इशारा लाल अक्षरांत येतो. तो दिसला की व्हाइट बॅलन्स मॉड्यूल रिसेट करा, बाकी काही करायला लागत नाही.

आता नवरीचा चेहरा. वर्धा रोडवरच्या लॉनमध्ये लग्न शूट करणाऱ्या प्रत्येकाची ही तक्रार आहे, म्हणून थोडं खोलात सांगतो. निळा किंवा जांभळा एलईडी अगदी अरुंद पट्ट्यातला उजेड फेकतो. सेन्सरचा निळा चॅनल भरून वाहतो, लाल आणि हिरव्यात जवळजवळ काहीच येत नाही. हा रंग इतका गडद असतो की मॉनिटरच्या एसआरजीबी रंगक्षेत्रात तो मावत नाही. हिशेबात लाल किंवा हिरव्याची किंमत शून्याच्याही खाली जाते. सॉफ्टवेअर ती कापतं आणि जिथे कापलं तिथे गालावर सपाट निळा डाग पडतो, त्याच्या कडेला फाटल्यासारखी रेघ येते. त्वचेचा पोत त्या डागात हरवून जातो.

उपाय या क्रमाने करा. कलर कॅलिब्रेशनमध्ये गॅमट कॉम्प्रेशनचा स्लाइडर आहे, तो हळूहळू वाढवत न्या आणि नजर गालावरच्या त्या रेघेवर ठेवा. रेघ विरघळायला लागली की थांबा. त्याच्याच जवळ निगेटिव्ह आरजीबी कापण्याचा पर्याय आहे, तो सुरू असल्याची खात्री करा. मग सिग्मॉइडमधल्या प्रिझर्व्ह ह्यूच्या स्लाइडरशी थोडं खेळा, निळ्याचा जांभळा होतो की निळाच राहतो हे तिथे ठरतं. एवढं करूनही चेहरा निळा राहिला तर कलर बॅलन्स आरजीबी मॉड्यूलची दुसरी प्रत काढा, चेहऱ्यापुरता मास्क आखा आणि तेवढ्यातच क्रोमा, म्हणजे रंगाचा गडदपणा, कमी करा. स्टेज निळा राहू द्या, तिथला माहोल तसाच होता. फक्त चेहरा माणसाचा दिसला पाहिजे.

शूट करतानाच अर्धं काम होतं हेही सांगून ठेवतो. कॅमेऱ्यात नुसता पांढरा हिस्टोग्राम न बघता लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे दाखवणारा हिस्टोग्राम लावा. पांढरा मध्यावर असताना निळा उजवीकडे भिंतीला टेकलेला असतो. अशा वेळी एक्स्पोजर एक स्टॉप खाली घ्या आणि छत किंवा पांढऱ्या पडद्यावरून फ्लॅशचा थोडा उजेड चेहऱ्यावर येऊ द्या. लाल-हिरव्याची थोडी जरी माहिती फाइलीत आली तरी घरी बसून चेहरा वाचवता येतो. ती नसेल तर कुठल्याच सॉफ्टवेअरला तो वाचवता येत नाही, महागड्यालाही नाही. असे दोन-चार फोटो असतील तर ते ब्लॅक अँड व्हाइट करून द्या, अल्बममध्ये शोभून दिसतात.

ताडोबाच्या फोटोंबद्दल तुम्ही फार लिहिलं नाही, पण पहाटेच्या सफारीत आयएसओ चढतोच. डार्कटेबलचं डिनॉइज प्रोफाइल्ड हे मॉड्यूल त्यासाठीच आहे. कॅमेऱ्याचं मॉडेल आणि आयएसओनुसार आधीच मोजून ठेवलेलं नॉइजचं प्रोफाइल ते वापरतं. त्यात वेव्हलेट्स निवडा, रंगाचा आणि उजेडाचा नॉइज वेगळा करणारी पद्धत घ्या. रंगीत ठिपके पूर्ण काढा, उजेडाचा कणीदारपणा मात्र बराचसा राहू द्या. तो पुसायला गेलात की वाघाच्या अंगावरचे केस मेणासारखे चिकटतात. आणि वाघाचा केशरी रंग ताणू नका. उन्हाळ्यात ताडोबात धुळीचा थर असतो, तेव्हा हेझ रिमूव्हल जरासं लावलं की रंग आपोआप वर येतो.

नवा कॅमेरा घेतला आणि रॉ उघडतच नसेल, तर आधी सॉफ्टवेअरची आवृत्ती बघा. कॅननच्या सीआर३ फाइली डार्कटेबलला ३.८ पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून वाचता येतात. लिनक्समध्ये त्याच्या सोबतच्या सॉफ्टवेअर स्टोअरमधून आलेली आवृत्ती बऱ्याचदा जुनी असते, तेव्हा फ्लॅटपॅक या दुसऱ्या मार्गाने ताजी घ्या. निकॉनच्या नव्या कॅमेऱ्यांत रॉ साठवण्याचा हाय एफिशियन्सी असा पर्याय असतो, तो टाळा आणि लॉसलेस कॉम्प्रेस्ड ठेवा. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये या हाय एफिशियन्सी फाइली अडतात.

गायब झालेलं एडिटिंग हा सगळ्यात जिव्हारी लागणारा प्रश्न आहे. दोन रात्री जागून केलेलं काम गेलं असं वाटलं की हात-पाय गळतात. पण बहुतेक वेळा ते गेलेलं नसतं.

डार्कटेबल मूळ रॉला कधीच हात लावत नाही. तुम्ही काय-काय केलं याची नोंद ते दोन ठिकाणी ठेवतं. एक, संगणकातल्या आपल्या डेटाबेसमध्ये. दुसरी, फोटोच्या शेजारीच तयार होणाऱ्या एका छोट्या फाइलीत. फोटोच्या पूर्ण नावापुढे डॉट एक्सएमपी लावलं की तिचं नाव होतं. उघडून पाहिलीत तर ती साधी मजकुराची फाइल आहे, बहुतेक वेळा अवघ्या काही केबींची. त्यात तुमची सगळी रात्र असते. एकाच फोटोची दुसरी प्रत काढली असेल तर तिची वेगळी एक्सएमपी असते, नावात ०१ लागलेली.

आता तुम्ही विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून फोल्डर दुसऱ्या डिस्कवर टाकलं, तर डेटाबेसला जुनाच पत्ता माहीत असतो. लाइटटेबलवर फोटोच्या जागी कवटीचं चिन्ह येतं. घाबरून ते फोटो डार्कटेबलमधून काढून टाकू नका. डावीकडच्या कलेक्शन्समध्ये फिल्म रोलची यादी लावा, हरवलेल्या रोलवर उजवं क्लिक करा, सर्च फिल्मरोल निवडा आणि नवं फोल्डर दाखवा. सगळं जागेवर येतं. डेटाबेसच खराब झाला असेल, विंडोज नव्याने टाकलं असेल, तरी फोल्डर पुन्हा इंपोर्ट केलं की शेजारच्या एक्सएमपी वाचून एडिटिंग परत मिळतं. पुढच्या वेळी फोल्डर हलवायचं असेल तर डार्कटेबलच्या आतूनच हलवा.

काम खरोखर जातं ते एका प्रसंगी. बॅकअप घेताना कोणीतरी "या बारीक फाइली कशाच्या" म्हणून एक्सएमपी सोडून फक्त रॉ कॉपी करतं आणि मूळ डिस्क पुसतं. स्टुडिओतल्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा. बॅकअप म्हणजे पूर्ण फोल्डर, त्यातलं काही गाळायचं नाही. रॉथेरपी हे रॉसाठीचं दुसरं मुक्त सॉफ्टवेअर वापरत असाल तर तिथे याच कामाच्या फाइलीचं नाव पीपी३ ने संपतं, नियम तोच.

डार्कटेबल उघडताना डेटाबेस लॉक झाला आहे असं म्हणत असेल, तर आधी ते मागे कुठे चालू तर राहिलं नाही ना ते टास्क मॅनेजरमध्ये बघा. वीज जाऊन संगणक बंद पडला असेल तर डेटाबेसच्या फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी लॉक असलेल्या फाइली उरतात, तेवढ्याच काढा. डेटाबेसची मुख्य फाइल काढू नका.

आता गिम्पचं अडकणं. तुम्ही लिहिलंय की फ्लेक्स १० बाय ८ फुटांचा होता आणि रिझोल्यूशन ३००, म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल, ठेवलं होतं. हिशेब करून बघा. १२० इंच गुणिले ३०० म्हणजे ३६,००० पिक्सेल रुंदी, ९६ इंच गुणिले ३०० म्हणजे २८,८०० पिक्सेल उंची. गुणाकार १०३ कोटी पिक्सेलच्या पुढे जातो. ट्रान्स्परन्सीसह आठ बिटमध्ये एका पिक्सेलला चार बाइट लागतात, म्हणजे एकाच लेयरला ४ जीबीहून जास्त मेमरी. तुमचा लॅपटॉप ८ जीबीचा. नेत्याचा फोटो, मागचं चित्र, नावाची पट्टी असे तीन लेयर झाले की कुठलाही प्रोग्राम गुडघे टेकेल.

चौकातला फ्लेक्स माणूस वीस-पंचवीस फुटांवरून बघतो. त्याला ७२ पुष्कळ आहे. तोच बॅनर ७२ वर ८,६४० बाय ६,९१२ होतो, सहा कोटींच्या आत पिक्सेल, लेयरमागे साधारण २४० एमबी. गिम्प सुतासारखं चालेल आणि छपाईत फरक दिसणार नाही. ३०० हा आकडा हातात धरून बघायच्या गोष्टींसाठी आहे. १२ बाय ३६ इंचांचं करिझ्मा अल्बमचं पान ३०० वर १०,८०० बाय ३,६०० होतं, ते बरोबर आहे. पण तिथेही इमेज मेनूतलं प्रिसिजन तपासा. डार्कटेबलमधून आलेली फाइल ३२ बिट फ्लोटमध्ये उघडली असेल तर त्या पानाचा एक लेयर १५५ एमबीऐवजी ६२० एमबी खातो. रॉवरचं बारीक काम आधीच झालेलं असतं, अल्बमची मांडणी आठ बिटमध्ये करायला हरकत नाही.

बाकी सेटिंग अशी. प्रेफरन्सेसमध्ये सिस्टिम रिसोर्सेसखाली टाइल कॅश साइज आहे, गिम्पने किती मेमरी वापरायची ते तिथे ठरतं, ८ जीबीच्या मशीनवर ती ४ जीबीच्या आसपास ठेवा. मेमरी भरली की गिम्प जिथे डिस्कवर माल उतरवतं तो स्वॅप फोल्डर एसएसडीवर न्या. गिम्प ३.०, जे मार्च २०२५ मध्ये आलं, त्यात लेयरवर लावलेले फिल्टर जिवंत राहतात आणि लेयरशेजारी एफएक्सचं चिन्ह दिसतं. नंतर बदलता येतात, फार सोयीचं आहे. पण मोठ्या फोटोवर असे चार-पाच फिल्टर साचले की प्रत्येक हालचालीला सगळ्यांचा हिशेब नव्याने होतो. जे पक्कं झालंय ते मर्ज करून टाका.

सुरू होतानाच गिम्प फॉन्टपाशी तासन्‌तास थांबत असेल तर दोष फॉन्टच्या गठ्ठ्याचा आहे. आपल्याकडे स्टुडिओचा संगणक म्हटला की सीडीवरून, मित्राकडून, इकडून-तिकडून आणलेले हजारो फॉन्ट त्यात असतात, अर्धे बिघडलेले. लागतात तेवढेच ठेवा.

उन्हाळ्याबद्दल एक. नवतपा सुरू झाला की पारा ४५ च्या पुढे असतो आणि लॅपटॉप स्वतःला वाचवायला आपला वेग कमी करतो. हाच एक्सपोर्ट जानेवारीत झटपट व्हायचा आणि आता रेंगाळतो, याचं कारण सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. मोठे एक्सपोर्ट पहाटे लावा. कूलरचा झोत थेट मशीनवर घेऊ नका, त्या हवेत पाणी असतं.

गिम्पमध्ये "ब्रश चालतच नाही" ही तक्रार तुम्ही केली नाही, पण ती येणारच आहे. म्हणून आत्ताच सांगतो. बहुतेक वेळा कुठेतरी एक बारीकसं सिलेक्शन राहून गेलेलं असतं, कंट्रोल-शिफ्ट-ए दाबलं की सुटतं. त्याने नाही झालं तर लेयरच्या यादीत बघा, निवडलेला लेयर भलताच आहे का, लपवलेला आहे का, त्याला कुलूप आहे का, की लेयरऐवजी त्याचा मास्क निवडलेला आहे. पेस्ट केल्यावर फ्लोटिंग सिलेक्शन तसंच लटकत राहिलं तरी असंच होतं. आणि सगळी पॅनेलच नाहीशी झाली तर चुकून टॅब दाबला गेलाय, परत दाबा. कंट्रोल-एस ने गिम्पची स्वतःची एक्ससीएफ फाइल बनते, जेपीईजी हवा असेल तर एक्सपोर्ट ॲज. दोन्ही ठेवा. गिऱ्हाईक महिन्याने येऊन "नावात फक्त एक काना बदला" म्हणतो तेव्हा एक्ससीएफच कामी येते.

पिवळट मॉनिटर आणि काळपट प्रिंट हे दोन वेगळे आजार आहेत, त्यांना एक समजू नका.

पिवळेपणासाठी गिम्पमध्ये व्ह्यू मेनूत कलर मॅनेजमेंटखाली कलर-मॅनेज धिस व्ह्यू बंद करून बघा. पांढरं लगेच पांढरं झालं तर फोटो ठीक आहे आणि मॉनिटरचं प्रोफाइल चुकीचं आहे. मॉनिटरच्या ड्रायव्हरसोबत विंडोजमध्ये असं प्रोफाइल येऊन बसतं. साधा फोटो व्ह्यूअर बऱ्याचदा त्याकडे लक्षच देत नाही, गिम्प प्रामाणिकपणे ते लावतं, म्हणून दोष गिम्पचा वाटतो. विंडोजच्या कलर मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या मॉनिटरचं प्रोफाइल काढा किंवा तात्पुरतं एसआरजीबी लावा. पुढे जमलं तर कॅलिब्रेशनचं यंत्र घ्या, दोन-तीन स्टुडिओंनी मिळून घेतलं तरी चालतं. डिस्प्लेकॅल आणि आर्गिल ही त्यासाठीची मुक्त सॉफ्टवेअर आहेत.

काळपट प्रिंटचं कारण जवळजवळ नेहमी मॉनिटरची ब्राइटनेस. दुकानात ती पूर्ण चढवून ठेवलेली असते. भगभगीत पडद्यावर फोटो उजळ दिसतो, म्हणून आपण तो गडद करून लॅबला धाडतो. प्रिंटसाठी काम करताना पडदा चौरस मीटरला १०० ते १२० कँडेलाच्या आसपास हवा. मोजायचं यंत्र नसेल तर पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, शेजारी ट्यूबच्या उजेडात खरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. लॅबला देताना डार्कटेबलच्या एक्सपोर्टमध्ये प्रोफाइल एसआरजीबी ठेवा. ॲडोबी आरजीबीमध्ये काढलेली फाइल प्रोफाइल न बघणाऱ्या मशीनवर गेली की लाल शालू विटका छापून येतो. आणि हंगामाच्या आधी लॅबमधून एकच फोटो तीन वेगवेगळ्या उजेडात छापून आणा. कुठला तुमच्या पडद्याशी जुळतो हे कळलं की वर्षभराची कटकट मिटते.

मराठी अक्षरांचं सोपं आहे. गिम्पमध्ये युनिकोड देवनागरी नीट जुळते, जोडाक्षरं आणि वेलांट्या जागच्या जागी बसतात. तुमच्याकडचे डीटीपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणून ते निवडल्यावर भलतीच अक्षरं उमटतात. मुक्ता, बालू, नोटो सॅन्स देवनागरी हे फुकट आणि धंद्यात वापरायला मोकळे फॉन्ट आहेत. टेक्स्ट टूलच्या पर्यायांत भाषेचा एक रकाना असतो, तिथे मराठी निवडा. ज्या फॉन्टमध्ये तशी सोय आहे त्यात ल आणि श मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. लग्नपत्रिकेवर हा फरक जाणत्या डोळ्याला लगेच दिसतो. मजकूर जास्त असेल तर तो गिम्पमध्ये करूच नका. फोटोचं काम गिम्पमध्ये, अक्षरं इंकस्केपमध्ये, आणि पीडीएफ छापखान्याला. अक्षरांच्या कडा कितीही मोठ्या आकारात धारदार राहतात.

पासपोर्ट फोटोंसाठी ३५ बाय ४५ मिलिमीटर म्हणजे ३०० वर ४१३ बाय ५३१ पिक्सेल. ४ बाय ६ च्या कागदावर असे आठ बसतात, एकदा एक्ससीएफमध्ये साचा करून ठेवा. नोकरीच्या ऑनलाइन अर्जांत फोटो २० ते ५० केबीमध्ये मागतात आणि मुलं शेवटच्या तारखेला धावत येतात. एक्सपोर्टच्या चौकटीत प्रिव्ह्यूवर टिक केली की फाइलीचा आकार क्वालिटी बदलताना समोर दिसतो. एक्झिफ, एक्सएमपी आणि थंबनेलवरच्या टिका काढा, लहान फाइलीत त्यांचाच बराच भार असतो. क्वालिटी फार पाडून चेहरा चौकटी-चौकटींचा करण्यापेक्षा आधी हे करा.

काहीच कारण सापडत नसेल तेव्हा गिम्प बंद करा, विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये गिम्पच्या आत आवृत्तीच्या आकड्याचं फोल्डर असतं, त्याचं नाव बदला आणि गिम्प पुन्हा उघडा. ते कोरी सेटिंग घेऊन उठतं. त्रास गेला तर दोष तुमच्या सेटिंगमध्ये किंवा एखाद्या प्लगइनमध्ये होता. २.१० साठी लिहिलेले जुने पायथन प्लगइन ३.० मध्ये चालत नाहीत, ते नुसते उचलून ठेवू नका. डार्कटेबल विचित्र रंग दाखवत असेल किंवा मध्येच बंद पडत असेल तर प्रेफरन्सेसमध्ये ओपनसीएल, म्हणजे ग्राफिक कार्डाकडून काम करून घेण्याची सोय, बंद करून तोच फोटो बघा. ठीक झाला तर ग्राफिक कार्डाचा ड्रायव्हर बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि फोटो तोच ठेवा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने सुटलं हे कधीच कळत नाही. तरीही अडलं तर आवृत्ती, विंडोज की लिनक्स आणि नेमकं काय केल्यावर होतं हे लिहून बनवणाऱ्यांना कळवा. लोक आपल्या वेळात हे काम करतात, आणि नीट लिहिलेल्या तक्रारीला उत्तर मिळतं.

धंद्यासाठी वापरलं तर चालतं का, असंही तुम्ही विचारलंय. निःसंकोच वापरा. दोन्हींचा परवाना जीपीएल आहे, कमाईवर काहीच अट नाही. टिकण्याची काळजी असेल तर गिम्प १९९५ मध्ये बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनी, स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस यांनी सुरू केलं. डार्कटेबल २००९ मध्ये योहानेस हानिका यांनी. दोन्हींवर आजही काम चालू आहे.

एका बाबतीत मात्र जुनं सॉफ्टवेअर सोडताना तुम्हाला खरंच अडेल, आणि ती म्हणजे अल्बमचे विकत घेतलेले पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलींचे, साचे. गिम्प ते उघडतं, पण ॲडजस्टमेंट लेयर आणि स्मार्ट ऑब्जेक्ट जसेच्या तसे येतील याची खात्री नाही. म्हणून भर लग्नसराईत बदल करू नका. आधी एखादं देऊन झालेलं लग्न घ्या आणि ते पूर्ण नव्या पद्धतीने करून बघा, गिऱ्हाईक दारात उभं नसताना. भाडं बंद करण्याआधी नेहमीचे पंधरा-वीस साचे जुन्या सॉफ्टवेअरमध्येच उघडून त्यांचे लेयर साधे करून पुन्हा सेव्ह करा. जुन्या सॉफ्टवेअरच्या कॅटलॉगमधले स्टार आणि टॅग डार्कटेबलमध्ये बऱ्यापैकी येतात, रंगांचं काम तसं येत नाही. तेव्हा ज्या लग्नांचे फोटो पुन्हा मागितले जाऊ शकतात त्यांचे तयार फोटो १६ बिट टिफमध्ये किंवा निदान वरच्या क्वालिटीच्या जेपीईजीमध्ये काढून दोन डिस्कवर ठेवा, आणि मगच सबस्क्रिप्शन थांबवा.